‘पिकअप’ म्हणजे नेमका किती? त्वरण काढायची रीत

(कोल्हापुरात नववी ते अकरावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर दोन वाहनं काढली आहेत. माझी चित्रकला बेताची, म्हणून खाली नावंही लिहिली आहेत. पहिली मोटार. ती पुणे-बंगळुरू महामार्गावर ताशी १०० किलोमीटरनं चालली आहे, रस्ता सरळ, काटा शंभरावरून हलत नाही. दुसरा उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. फडातून निघून रस्त्याच्या कडेला थांबला होता, आता सुटतोय, आणि २० सेकंदांनी तो ताशी १८ किलोमीटरला पोहोचतो. मागं रांग लागलेली आहे, हॉर्न वाजतायत, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. आता सांगा, त्वरण कुणाचं जास्त?

मोटारीसाठी बरेच हात वर आहेत. पालकांचे तर जरा जास्तच.

मोटारीचं त्वरण शून्य आहे. ट्रॅक्टरचं शून्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे या शर्यतीत ट्रॅक्टर जिंकला. त्वरणाला तुम्ही किती जोरात चालला आहात याच्याशी देणंघेणं नाही. वेग बदलतोय का, आणि बदलत असेल तर किती झपाट्यानं, एवढंच ते विचारतं. शोरूममध्ये गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी ‘ॲव्हरेज किती’ विचारतो आणि मग हळूच ‘पिकअप कसा आहे?’ म्हणतो. त्याचा तो दुसरा प्रश्न म्हणजे आजचा विषय. फक्त त्याला ‘लई भारी’ एवढ्या उत्तरावर समाधान असतं आणि आपल्याला आकडा पाहिजे.

सूत्र एका ओळीचं आहे: त्वरण = (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) ÷ लागलेला काळ. पुस्तकात अंतिम वेगाला व्ही, सुरुवातीच्या वेगाला यू आणि काळाला टी म्हणतात. हे सूत्र इथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे, झोपेत उठवून विचारलं तरी येईल. तरीही उत्तरपत्रिकेत गणित चुकतं. ते सूत्रात चुकत नाही, सूत्रात आकडे घालायच्या आधी चुकतं. म्हणून आज सूत्रावर कमी आणि त्याच्या आधीच्या दोन ओळींवर जास्त वेळ घालवणार आहे.

पहिली ओळ एककाची. वाहनाचा काटा ताशी किलोमीटर दाखवतो, आपला काळ सेकंदात असतो. हे दोन्ही तसेच सूत्रात कोंबले की उत्तर येतं, पण ते कशाचंच नसतं. ताशी किलोमीटरला ३.६ नं भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, कारण किलोमीटरमध्ये १,००० मीटर आणि तासात ३,६०० सेकंद. मी तर पोरांना अठराचा पाढा धरायला सांगतो. १८ म्हणजे ५, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५. रस्त्यावरचं निम्मं जग एवढ्यात बसतं. आता ट्रॅक्टर घ्या. शून्यापासून १८, म्हणजे शून्यापासून ५ मीटर प्रति सेकंद, २० सेकंदांत. ५ भागिले २०, उत्तर ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

या ‘सेकंद वर्गा’पाशी बरेच जण गडबडतात. चौरस सेकंद कसला असतो, असं एका मुलीनं मागं विचारलं होतं. तिचं बरोबर होतं, चौरस सेकंद कुणी पाहिलेला नाही. ते असं वाचा: वेग बदलतोय ०.२५ मीटर प्रति सेकंद, आणि तो एवढा बदलतोय दर सेकंदाला. सेकंद दोनदा आला, म्हणून वर्ग. केएमटीची बस स्टॉपवरून सुटली आणि १० सेकंदांत ताशी ३६ ला गेली, तर तिचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे पहिला सेकंद संपला तेव्हा वेग १, दुसरा संपला तेव्हा २, मग ३. बसमध्ये उभे असाल तर हे आकडे तुमच्या वरच्या दांडीला धरलेल्या हातात कळतात. बस एका वेगानं चालू लागली की हात सैल पडतो. वेग तेव्हा सगळ्यात जास्त असतो, पण त्वरण गेलेलं असतं.

दुसरी ओळ दिशेची. इथं खरा घात होतो.

वेगाला दिशा असते. गणित सुरू करायच्या आधी फळ्यावर एक बाण काढायचा आणि ही दिशा अधिक, असं ठरवून टाकायचं. कुठलीही ठरवा, पण ठरवल्यावर बदलू नका. आता कोल्हापूर आहे, तर फुटबॉलचं उदाहरण घेतलंच पाहिजे. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतायत. तुमचा संघ कुठला ते मी विचारत नाही, इथं पेठा पेठांतली माणसं बसलेली आहेत आणि मला सुखरूप घरी जायचंय. चेंडू १० मीटर प्रति सेकंदानं बचावपटूकडे आला, त्यानं हेडर मारून तो ८ मीटर प्रति सेकंदानं आला तिकडंच परत पाठवला. डोक्याला चेंडू चिकटून होता सेकंदाचा शंभरावा भाग. वेगात बदल किती झाला?

दोन, असं पुढच्या बाकावरून आलं. दहाचे आठ झाले, दोन गेले. अगदी हेच उत्तरपत्रिकेत दिसतं. पण बाण काढा. येणारा चेंडू अधिक १०, परत जाणारा उणे ८. अंतिम उणे सुरुवातीचा, म्हणजे उणे ८ उणे १०, उणे १८. चेंडूला आधी थांबवावं लागलं आणि मग उलटं पळवावं लागलं, दोन्हीची किंमत डोक्यानं दिली. १८ भागिले ०.०१, म्हणजे १,८०० मीटर प्रति सेकंद वर्ग. तुमच्या दोनानं २०० आले असते, खऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढे. वजाबाकी तुम्हाला येते, फक्त बाण काढायचा राहिला होता.

मघाशी एकानं विचारलं, ‘सर, ब्रेक मारला की मायनस लिहायचं, एवढंच ना?’ एवढंच नाही. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटी मागं घेताना बघा. कंडक्टर मागं उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करतोय. बसच्या तोंडाची दिशा अधिक धरली, तर मागं येणाऱ्या बसचा वेग उणे २. कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, एका सेकंदात बस उभी. शून्य उणे (उणे २), म्हणजे अधिक २. ब्रेक मारला आणि त्वरण अधिक आलं. चिन्ह ब्रेक ठरवत नाही. वेग आणि त्वरण एकाच दिशेला असले तर चाल, म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा, वाढते; उलट दिशांना असले तर चाल कमी होते. ज्याला आपण मंदन म्हणतो ते हेच, त्याचं वेगळं सूत्र शोधत बसू नका.

आता ब्रेकचा विषय निघालाच आहे तर जरा इथं थांबतो, कारण हा भाग परीक्षेपेक्षा रस्त्यावर जास्त उपयोगाचा आहे. समजा, चांगल्या कोरड्या रस्त्यावर तुमच्या गाडीचा ब्रेक ५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं मंदन देतो. आणि पुढं काहीतरी आडवं आलं हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद गेला. गाडी ताशी ३६ नं होती, म्हणजे १०. त्या एका सेकंदात ती ब्रेक न लागता १० मीटर गेली. मग ब्रेक लागला. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण, १०० भागिले १०, अजून १० मीटर. एकूण २०. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. विचार करण्यातल्या सेकंदात २० मीटर. ब्रेकखाली ४०० भागिले १०, म्हणजे ४० मीटर. एकूण ६०. वेग दुप्पट झाला आणि अंतर तिप्पट. नुसतं ब्रेकचं अंतर तर चौपट. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता कसा असतो ते तुम्ही जाणताच. तिथं ब्रेकची पकड निम्मी झाली, मंदन अडीच झालं, की ७२ ला तेच ब्रेकचं अंतर ८० मीटर होतं, वर विचाराचे २० आहेतच. पालक मघापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतायत असं दिसतंय.

या हिशेबात मी काळ काढलाच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं? ते दुसरं सूत्र होतं. सरळ रेषेत एकसमान त्वरणानं होणाऱ्या गतीत पाच राशी असतात: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण (पुस्तकातला ए), काळ, आणि विस्थापन, म्हणजे दिशेसह अंतर (पुस्तकातला एस). तीन दिल्या की उरलेल्या दोन निघतात. तीन समीकरणं पाठ असतात, पण कुठलं कधी, हे कुणी सांगत नाही. सोपं आहे. गणितात जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नाही ते उचला. विस्थापनाचं नाव नाही? मग व्ही बरोबर यू अधिक ए टी. काळाचा पत्ता नाही? मग व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस. अंतिम वेगाशी काम नाही? मग एस बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग. याच्यावर अजून बोलण्यासारखं काही नाही, दहा गणितं सोडवली की हात बसतो.

बोलण्यासारखं आहे ते ‘एकसमान’ या अटीबद्दल. ही अट पुस्तकात असते, वाचून सोडून दिली जाते. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले. त्या शर्यतीत पहिले ६० मीटर त्यानं ६.३१ सेकंदांत पार केले. आपण हुशारी करू. सुरुवातीचा वेग शून्य, अंतर ६०, काळ ६.३१. एस बरोबर अर्धा ए टी वर्ग लावलं की त्वरण येतं ३ च्या आसपास. मग साठाव्या मीटरला वेग किती? ३ गुणिले ६.३१, जवळजवळ १९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. महाद्वार रोडवर एवढ्या वेगानं मोटरसायकल नेली तर पोलीस धरतील, आणि हा पायानं पळतोय! प्रत्यक्षात त्याचा सगळ्यात जास्त वेग १२ मीटर प्रति सेकंदाच्या थोडा वर होता, ताशी ४४ च्या घरात. आकडेमोडीत चूक नाही, सूत्रही खरं आहे. पण बोल्टचं त्वरण एकसमान नव्हतं. सुटताना ते भरपूर होतं, मग कमी कमी होत गेलं, आणि पन्नास-साठ मीटरनंतर जवळपास संपलं. जिथं त्वरण बदलतं तिथं पहिलं साधं सूत्र फक्त सरासरी त्वरण देतं, आणि बाकीची दोन समीकरणं वापरायचीच नाहीत. मग आलेख काढायचा. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वेग. रेष जिथं जेवढी चढी, तिथं तेवढं त्वरण. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. बोल्टचा आलेख आधी खडा चढतो आणि मग सपाट होतो.

एकसमान त्वरण अगदी आयतं मिळतं ते गुरुत्वाचं. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनं. सोयीसाठी आज १० धरू. चैत्र यात्रेला ज्योतिबाच्या डोंगरावर तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. ‘चांगभलं’ म्हणत गुलाल-खोबरं उधळतात. समजा, तुम्ही खोबऱ्याचा तुकडा १० मीटर प्रति सेकंदानं सरळ वर उडवला. वरची दिशा अधिक. सुटताना वेग १०, एका सेकंदानंतर शून्य, दोन सेकंदांनंतर उणे १०, म्हणजे परत तुमच्या हातात. आता सगळ्यात वरच्या ठिकाणी, जिथं वेग शून्य आहे, तिथं त्वरण किती?

शून्य, असं अर्धं सभागृह म्हणतंय. अकरावीलाही दरवर्षी हेच उत्तर येतं. नीट बघा. त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर वेग शून्यच राहिला असता, बदललाच नसता. खोबरं वरच लटकलं असतं, आणि डोंगरावर एव्हाना खोबऱ्याचा मांडव पडला असता. वेगाची रांग बघा: १०, ०, उणे १०. दर सेकंदाला १० नं घट, वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना सारखीच. शून्य हा त्या रांगेतला एक आकडा आहे फक्त. वेग किती आहे आणि तो कसा बदलतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि खोबऱ्याबरोबर उधळलेला गुलाल? तो खोबऱ्यासारखा परत येत नाही, तरंगत राहतो, तुमच्या शर्टावर बसायला त्याला बराच वेळ लागतो. गुलालाचे कण इतके हलके आणि बारीक असतात की हवेचा विरोध लगेच त्यांच्या वजनाएवढा होतो. मग ते सावकाश, एकाच वेगानं खाली येतात. खाली पडतायत, पण त्वरण शून्य. महामार्गावरच्या मोटारीसारखंच. हवा काढून घेतली तर गुलाल आणि खोबरं बरोबरच खाली येतील. ते डोंगरावर करता येत नाही, पण १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं. दोन्ही एकत्र जमिनीला लागली. तिथलं त्वरण साधारण १.६, म्हणून ती पडलीही निवांत.

ही पडण्याची गोष्ट मोजून बघणारा माणूस गॅलिलिओ. त्याची अडचण अशी होती की पडणारी वस्तू फार लवकर पडते आणि त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. मग त्यानं उतार वापरला. लाकडी फळीला खाच पाडली, तिच्यातून गुळगुळीत गोळा सोडला, आणि वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी गोळा करून ते तोललं. जास्त पाणी, जास्त वेळ. १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात त्यानं हे मांडलं, तेव्हा तो इटलीत नजरकैदेत होता. सारख्या सारख्या काळात गोळा जी अंतरं कापतो ती १, ३, ५, ७ अशा प्रमाणात असतात, हे त्याला मिळालं. बेरीज करत जा: १, ४, ९, १६. काळाचे वर्ग. अर्धा ए टी वर्ग इथून दिसतो.

हे तुम्ही घरी करा. पडद्याचं जुनं ॲल्युमिनियमचं चॅनेल घ्या, २ मीटर लांब. गोटी चालेल. उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर बेअरिंगचा मोठा छर्रा मागून आणा, तो जास्त चांगला पळतो. चॅनेलचं एक टोक वीतभर उचलून पुस्तकांवर टेका. छर्रा वरून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, कारण सुरुवातीचा वेग शून्य पाहिजे. २ मीटरला २ सेकंद लागले, तर त्वरण = दोन गुणिले अंतर भागिले काळाचा वर्ग, म्हणजे ४ भागिले ४, उत्तर १. पहिल्या सेकंदात अर्धा मीटर आणि दुसऱ्यात दीड. एकास तीन, गॅलिलिओचंच प्रमाण.

पण स्टॉपवॉच अंगठ्यानं दाबू नका. अंगठा सहज ०.२ सेकंद मागं राहतो. २ च्या जागी २.२ आले, तर त्वरण १ ऐवजी ०.८३ निघतं, कारण काळाचा वर्ग होतो आणि चूकही जवळपास दुप्पट होते. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि एक एक फ्रेम पुढं सरकवत मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील आणि छर्रा सुटल्यापासून टोकाला लागेपर्यंत ६० फ्रेम गेल्या, तर बरोबर २ सेकंद. एखादी फ्रेम चुकली तरी चूक सेकंदाच्या तिसाव्या भागाची. गॅलिलिओला हे मिळालं असतं तर त्यानं काय केलं असतं कोण जाणे. तुम्ही रील बघताय.

वेळ झाली, दोन प्रश्न घेतो. एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय: काटा स्थिर ठेवून वळण घेतलं तर त्वरण शून्य का? नाही. चाल तीच राहिली तरी दिशा बदलली, म्हणजे वेग बदलला. हे त्वरण वळणाच्या केंद्राकडे असतं आणि वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या एवढं असतं. पन्हाळ्याच्या रस्त्यावरचं २० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ३६ नं घेतलं तर १०० भागिले २०, म्हणजे ५. ताशी ५४ नं घेतलं तर २२५ भागिले २०, सव्वा अकरा, गुरुत्वाच्या त्वरणापेक्षाही जास्त. साध्या टायरला सपाट रस्त्यावर एवढी पकड नसते. गाडी वळणार नाही, सरळ जाईल, आणि सरळ तिथं रस्ता नाही.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलाचा. त्यानं मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घेतलंय. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात केलेलं, चांगलं आहे. तो म्हणतो, फोन टेबलावर गप पडलाय, तरी ॲप ९.८ दाखवतंय, मग ते बिघडलंय का? बिघडलेलं नाही. फोनमधल्या सेन्सरच्या आत एक बारीक वस्तुमान लवचिक आधारावर धरलेलं असतं आणि ते किती सरकलं एवढंच त्याला कळतं. टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये ते गुरुत्वानं खाली ओढलेलंच असतं, म्हणून ९.८. टेबलानं फोनला वर रेटून धरलंय, त्याचा तो आकडा आहे. फोन हातातून सोडला, की पडता पडता फोन आणि आतलं वस्तुमान बरोबरच पडतात, काही सरकत नाही, आणि ॲप शून्याच्या जवळ येतं. म्हणजे तुमचं खरं त्वरण ९.८ असताना ते शून्य दाखवतं आणि शून्य असताना ९.८. करून बघा, पण खाली जाड गादी पाहिजे. आणि बाळा, फोन वडिलांचा असेल तर त्यांना आधी विचार.